इच डॉट आयओ: जिथे गेमची किंमत आपणच सांगायची

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू एखाद्या गेमचा नाही, गेम जिथून घेतो त्या दुकानाचा आहे, आणि त्यातही त्या दुकानातल्या एका बॉक्सचा. इच डॉट आयओवर असे ढीगभर गेम आहेत ज्यांच्या डाउनलोडच्या बटणाशेजारी किंमतच नसते, नुसतं ‘नेम युअर ओन प्राइस’ लिहिलेलं असतं, म्हणजे काय द्यायचं ते तुम्हीच सांगा. बटण दाबलं की छोटी खिडकी उघडते, त्यात रकमेचा बॉक्स, त्यात बनवणाऱ्याने सुचवलेला आकडा आधीच भरून ठेवलेला, सोबत एक-दोन-पाच-दहा डॉलर वाढवायची बटणं, आणि एक साधी लिंक, ‘नो थँक्स, जस्ट टेक मी टू द डाउनलोड्स’. ती दाबली की गेम फुकट. कोणी विचारत नाही, कोणी अडवत नाही.

मी इथून गेम घ्यायला लागलो जून 2020 मध्ये, लॉकडाऊन चालू होता, गोव्यातल्या फोंड्यात घरात बसून होतो, आणि तेव्हा इचने अमेरिकेतल्या वंशभेदाविरुद्धच्या लढ्यासाठी एक मोठं बंडल काढलं होतं. कमीत कमी 5 डॉलर, वर तुम्हाला वाटेल तेवढे, आणि बदल्यात 1,700 च्या वर गोष्टी. आठ लाखांहून जास्त लोकांनी मिळून 81 लाख डॉलर दिले, म्हणजे माणशी सरासरी दहा डॉलर पडले, किमान रकमेच्या दुप्पट. मी पाचच दिले होते. तेव्हाच्या भावाने चारशे रुपयांच्या आतबाहेर. हा सरासरीचा हिशोब मी नंतर केला आणि तेव्हापासून ह्या ‘तुम्हीच सांगा’ प्रकारात माझं डोकं अडकलं ते अडकलंच, कारण मागितले पाच आणि लोक देतात दहा हे आपल्याकडे कोणाला सांगितलं तर पटणार नाही.

पण खरं तर आपल्याकडे पटायला हवं. माझं लहानपण पेडण्यात गेलं, तिथे दशावतारी काल्याला तिकीट असतं असं कोणी म्हटलं असतं तर आम्ही हसलो असतो. देवळासमोर मांडव, रात्री आडदशावतार, म्हणजे मुख्य नाटकाआधीचा भाग, सुरू झाला की गणपतीच्या आरतीचं ताट बसलेल्या लोकांतून फिरायचं, ज्याच्या हाताला जे लागेल ते तो टाकायचा, कोणी नाणं, कोणी नोट, आणि ज्याच्याकडे नाही तो नुसता हात लावून नमस्कार करायचा, त्याला कोणी उठवत नसे. उत्सवातल्या मराठी नाटकात तर अजून वेगळं, एखाद्याचं पद रंगलं की मधेच माणूस उठून बक्षीस देतो आणि माइकवरून पुकारतात, अमुक यांच्याकडून एकशे एक रुपये. हे पुकारणं चालू असताना नाटक थांबतं आणि त्याचं कोणाला काही वाटतही नाही.

आता ह्यात आणि इचच्या बॉक्समध्ये फरक काय ते बघा. ताट फिरतं तेव्हा शेजारी काका बसलेला असतो, नाणं पडल्याचा आवाज येतो. बक्षीस दिलं जातं ते पद ऐकून झाल्यावर. इचवर शेजारी कोणी नाही, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे प्रश्न विचारला जातो गेम बघायच्या आधी. पद ऐकलेलंच नाही आणि बक्षीस किती ते सांगा! मग माणूस ती लिंक दाबतो, आणि त्यात त्याची काही चूक आहे असं मला वाटत नाही. चूक होते ती नंतर, गेम आवडल्यावर, चार रात्री खेळल्यावर, परत त्या पानावर न जाण्यात.

ह्या पद्धतीचा जुना आणि गाजलेला प्रयोग म्हणजे ‘वर्ल्ड ऑफ गू’चा. 2डी बॉय नावाच्या चिमुकल्या कंपनीचा हा गेम, एरवी 20 डॉलरला विकला जायचा. ऑक्टोबर 2009 मध्ये गेमला वर्ष झालं म्हणून त्यांनी सांगितलं की काय द्यायचं ते द्या. 57 हजारांवर लोकांनी घेतला, सरासरी पडली दोन डॉलरच्या जरा वर, आणि सगळ्यात जास्त लोकांनी दिलेली किंमत होती एक सेंट. एक सेंट! त्यातून बनवणाऱ्याच्या हातात काहीच पडत नाही, पैसे पोचवण्याचा खर्चच त्याहून जास्त. बरेच लोक ही गोष्ट इथपर्यंतच सांगतात आणि म्हणतात बघा, लोक असेच. पण सगळी बेरीज लाख डॉलरच्या वर गेली होती, आणि तीही वर्षभर जुन्या झालेल्या गेमवर.

मग मे 2010 मध्ये हंबल इंडी बंडल आलं, म्हणजे काही गेम एकत्र, काय द्यायचं ते द्या, त्यात हाच ‘वर्ल्ड ऑफ गू’ होता, सोबत ‘अ‍ॅक्वेरिया’, ‘गिश’, ‘लुगारू’, ‘पेनम्ब्रा’. तिथे सरासरी नऊ डॉलरच्या आसपास गेली आणि एकूण साडेबारा लाखांवर डॉलर जमले. तोच गेम, तेच इंटरनेट, मग दोनाचे नऊ कसे झाले? गेम एकाचे पाच झाले हे एक कारण झालंच. पण माझ्या मते खरी करामत स्लायडरची होती, तुम्ही दिलेल्या पैशातले बनवणाऱ्यांना किती, धर्मादाय संस्थांना किती हे तुम्हीच सरकवून ठरवायचं. आणि पानावरच दिसत होतं की विंडोजवाले सरासरी किती देतायत, मॅकवाले किती, लिनक्सवाले किती, आणि लिनक्सवाले सगळ्यांत वर होते. म्हणजे ते माइकवरून पुकारणंच झालं की. शेजारचा काका परत आला. पुढे हंबल कंपनी 2017 मध्ये विकली गेली आणि 2021 मध्ये हंबलने स्वतःचा किमान वाटा 15 ते 30 टक्के पक्का केला, तेव्हापासून मला तिथे पूर्वीसारखं वाटत नाही, गेम अजून चांगले मिळतात पण स्लायडर शेवटपर्यंत सरकत नाही.

इचचं ह्या बाबतीत मला मनापासून कौतुक आहे. लीफ कोरकोरन नावाच्या प्रोग्रामरने 2013 मध्ये हे सुरू केलं, आणि 2015 पासून नियम असा की इचला किती टक्के द्यायचे ते बनवणाराच ठरवतो, शून्यसुद्धा चालतं, काही न बदललं तर 10 टक्के. म्हणजे दुकानदार स्वतःलाही तोच प्रश्न विचारून घेतो जो तो गिऱ्हाइकाला विचारतो. स्टीम ह्या गेमच्या दुसऱ्या मोठ्या दुकानात विक्रीतले सुरुवातीला 30 टक्के जातात आणि गेम ठेवायलाच 100 डॉलर भरावे लागतात, आणि किंमत गिऱ्हाइकाने सांगायची अशी सोयच नाही.

आता घरचं उदाहरण. माझा भाचा फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे, त्याने दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एक गेम केला, गोडो नावाचं फुकटचं ओपन सोर्स इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, आहे त्यात. पोदेराचा गेम, पोदेर म्हणजे आमच्याकडचा पाववाला. पहाटे सायकलवर टोपली बांधून निघायचं, पाव, उंडे, पोळ्या (हे सगळे पावाचेच प्रकार) कुठल्या घरी किती ते लक्षात ठेवायचं, कुत्री चुकवायची, पाऊस आला की प्लास्टिक ओढायचं नाहीतर पाव भिजतात आणि घरवाली परत पाठवते. भोंग्याचा आवाज त्याने आमच्या गल्लीतल्या खऱ्या पोदेराचा घेतला, तीन दिवस पहाटे सहाला गेटवर मोबाइल धरून उभा होता, दोन दिवस पावसाचाच आवाज जास्त आला, तिसऱ्या दिवशी मिळाला. पूर्ण गेम चाळीस मिनिटांचा. तर इचवर टाकताना किंमतीच्या जागी तीन पर्याय येतात, शून्य किंवा ऐच्छिक, ठरलेली किंमत, आणि पैसे नकोतच. तो म्हणाला, ‘‘मामा, पैसे नकोतच करूया, कोण देणार ह्याला?’’ मी म्हटलं, ‘‘बाबा, ताट फिरव तरी. टाकायचं की नाही ते लोकांना ठरवू दे.’’

ठेवलं मग ऐच्छिक, सुचवलेली रक्कम 2 डॉलर. अकरा दिवस काहीच नाही. डाउनलोड होत होते, पैसे नाहीत, आणि तो रोज कॉलेजमधून येऊन आकडे बघायचा आणि गप्प बसायचा, मला त्याला ताट फिरव म्हटल्याचं वाईट वाटायला लागलं. बाराव्या रात्री लाइट गेली होती, सव्वा एक वाजलेला, तो वरच्या मजल्यावरून मोबाइलच्या उजेडात जिना उतरून आला आणि मला उठवून स्क्रीन पुढे धरली. तीन डॉलर. सुचवलेल्यापेक्षा एक जास्त! कोणीतरी त्या एका डॉलरच्या बटणावर मुद्दाम बोट ठेवलं होतं. बहिणीला वाटलं घरात कोणाला काही झालं, ती पण उठून आली. त्या रात्री आम्ही तिघं मेणबत्ती लावून चहा पीत बसलो आणि त्याने तो मेल किती वेळा वाचला ते मी मोजलं नाही.

पण ते तीन डॉलर त्याच्या हातात तीन पडले नाहीत, आणि हे प्रत्येक देणाऱ्याला माहीत असायला हवं म्हणून जरा नीट लिहितो. कार्डाचे पैसे पोचवणाऱ्या कंपनीचा साधारण दर असतो 2.9 टक्के आणि वर 30 सेंट. टक्के सोडा, खरी गोम त्या 30 सेंटमध्ये आहे, कारण ते रक्कम कितीही असो लागतातच. समजा कोणी 1 डॉलर दिला, तर 33 सेंट तिथे गेले, 10 सेंट इचचे, राहिले 57. स्टीमच्या 30 टक्क्यांना आपण नावं ठेवतो पण एका डॉलरवर तिथे 70 उरले असते. 2 डॉलर दिले तर 1.44 उरतात. 5 दिले तर 4.05 आणि आता स्टीमचे साडेतीन मागे पडले. 10 दिले तर 8.41. म्हणजे दहा गेमना एकेक डॉलर देणारा माणूस मनाने कितीही चांगला असला तरी त्याच्या दहातले सव्वातीन डॉलर पैसे पोचवणाऱ्या कंपनीलाच जातात. त्यापेक्षा ज्या दोन गेमनी खरोखर काही दिलं त्यांना पाच पाच द्या. मी गेली दोन वर्षं असंच करतोय. सगळे गेम त्या ‘नो थँक्स’वरून फुकट उतरवतो, निःसंकोच, आणि महिन्याच्या शेवटी डेस्कटॉपवर एक फोल्डर आहे तिथे जे गेम अजून डिलीट करावेसे वाटले नाहीत त्यांतला एखादा निवडून त्याच्या पानावर परत जातो. त्या पानावर तोच बॉक्स असतो, परत पैसे द्यायला काही अडत नाही.

भारतातून पैसे देणं मात्र अजून कटकटीचं आहे. यूपीआय नाही, पेपॅल नाहीतर कार्ड. स्टीमवर रुपयात किंमत आणि यूपीआय आहे, आणि इथल्या पोरांना हाच फरक सगळ्यात मोठा वाटतो, कॉलेजच्या मुलाकडे परदेशी चालणारं कार्ड असतंच कुठे? मार्च 2020 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा की नवीन कार्ड परदेशी व्यवहारांसाठी बंद ठेवूनच येतं, आपण स्वतः चालू करायचं. नियम चांगलाच आहे, फसवणूक टळते. पण माझ्या बँकेच्या ॲपमध्ये ते चालू करायचं बटण दाबलं की मागच्या पानावर यायचं, शाखेत गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी विचारलं कशासाठी हवंय, मी म्हटलं गेमसाठी, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि फॉर्म दिला, आठ दिवस लागले. आठ दिवस, 5 डॉलर द्यायला! वर परकीय चलनाचा आकार आणि त्यावर जीएसटी, तो किरकोळ आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

आणि पैसे पोचवणाऱ्या कंपन्यांचा हात ह्या सगळ्यावर किती लांब आहे ते जुलै 2025 मध्ये दिसलंच, त्यांच्या दबावामुळे इचला प्रौढांसाठीचे सगळे गेम शोधातून काढावे लागले होते. मला त्या गेममध्ये रस नाही, पण ज्यांचे होते त्यांचा रोजचा पैसा त्या एका दिवसात अडकला. दुकानदार कितीही सज्जन असो, गल्ल्याची किल्ली दुसऱ्याकडे आहे.

काय घ्यावं असं विचाराल तर ‘माइंडस्ट्री’पासून सुरू करा, कारखाने आणि पट्टे जोडत जायचे, शत्रूपासून वाचवायचे, ओपन सोर्स आहे, स्टीमवर ठरलेल्या किंमतीला आणि इचवर तुम्ही सांगाल त्या किंमतीला. तोच गेम. माझ्या जुन्या चार जीबीच्या लॅपटॉपवर मस्त चालतो. आणि आपल्या जवळचं म्हणून स्टुडिओ ओलिओमिंगसचं काम बघाच, गुजरातमधल्या चला गावचे लोक, ‘अ म्युझियम ऑफ ड्युबियस स्प्लेंडर्स’ म्हणून त्यांचा एक गेम आहे, एक एक दालन फिरायचं आणि प्रत्यक्षात कधी न झालेल्या एका गुजराती कवीच्या नावाने लिहिलेल्या गोष्टी वाचायच्या, रोजच्या वापरातल्या वस्तू घराएवढ्या उभ्या. जिंकणं-हरणं काही नाही. आपल्या भागातल्या माणसाच्या डोक्यातून असला गेम निघू शकतो हे भाच्याला त्यातूनच कळलं, आणि पोदेराचा गेम सुचला तो त्यानंतर.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी, ही पद्धत सगळ्यांना पुरत नाही. ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’ बनवणारे दोघे अ‍ॅडम्स भाऊ 2006 पासून गेम फुकट देत होते आणि लोकांच्या देणग्यांवर राहत होते. मग आजारपण आलं, अमेरिकेतला दवाखान्याचा खर्च आला, आणि डिसेंबर 2022 मध्ये त्यांनी चित्रांसहित नवी आवृत्ती स्टीमवर आणि इचवर ठरलेल्या किंमतीला आणली. महिन्याला पंधरा हजार डॉलरच्या आसपास देणग्या यायच्या तिथे जानेवारी 2023 मध्ये सत्तर लाखांच्या वर आले. जुनी साधी आवृत्ती आजही फुकट आहे. इतकी वर्षं फुकट खेळणारे लोक वाईट नव्हते, त्यांना नीट आकडा कोणी सांगितलाच नव्हता. ज्या गेमवर घर चालतं त्याला किंमत लावावी, आणि चाळीस मिनिटांच्या पहिल्या गेमला ताट फिरवावं, असं माझं मत झालंय. इचवर दोन्ही करता येतं, आणि ठरलेल्या किंमतीच्या गेमलाही जास्त द्यायचे तर देता येतात.

अजून एक सोय मला फार आवडते. विशेषतः कागद-पेनाने खेळायच्या गेमवाल्यांनी इचवर ‘कम्युनिटी कॉपी’ची प्रथा पाडलीय, एकाने पूर्ण पैसे दिले की बनवणारा एक प्रत फुकटात बाजूला काढून ठेवतो, ज्याला परवडत नाही त्याने कोणाला न विचारता ती उचलायची. पैसे नसलेल्याला मागायची वेळच येत नाही. हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार.

बारीकसारीक सांगायचं तर शोध ढिला आहे, चांगलं आणि कच्चं एकत्रच समोर येतं, मोठ्या बंडलमधले गेम आपोआप लायब्ररीत येत नाहीत, एकेक उघडून घ्यावे लागतात. गेमला कुलूप नसतं, फाइल तुमची, पेनड्राइव्हवर घालून ठेवा. मार्क द्यायचेच तर बनवणाऱ्याच्या बाजूने पाचपैकी पाच, भारतातून पैसे देणाऱ्याच्या बाजूने तीन.

पोदेराच्या गेममध्ये भाच्याने नंतर एक बदल केला. शेवटचा पाव पोचला की सायकल भिंतीला टेकते, भोंगा एकदा वाजतो, आणि तिथे दोन ओळी येतात की गेम आवडला असेल तर पानावर परत या, आणि खाली लिंक. म्हणजे पद ऐकून झाल्यावर ताट. आतापर्यंत सात जणांनी पैसे दिलेत, त्यांतले पाच हा बदल केल्यावरचे, आणि एकाने खाली लिहिलं की फुकट घेऊन गेलो होतो, भोंगा ऐकून परत आलो. दुसरा गेम चवथीच्या सुट्टीत टाकायचा आहे, माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट, बांधायचा, कुठलं फळ कुठे टांगायचं असा. सुचवलेली रक्कम किती ठेवायची ह्यावर सध्या घरात वाद चालू आहे, तो दोन म्हणतो, लोक घाबरतील म्हणे, मी चारवर अडून आहे, त्या 30 सेंटमुळे.